औषधाचं सूत

माझ्या डाव्या तळपायाला, अंगठ्याच्या बरोबर खाली, रुपयाएवढी जखम झाली होती आणि आठ दिवस ती फक्त मला माहीत होती.

मी अरुण. वय छप्पन्न. लालबागला राहतो, परळच्या एका कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क आहे. अकरा वर्षं मधुमेह आहे. गोळ्या घ्यायच्या, वर्षातून एकदा रक्त तपासायचं, साखर जास्त आली की आठवडाभर बिनसाखरेचा चहा प्यायचा आणि मग विसरून जायचं, असं माझं चाललं होतं. हे लिहितोय ते ड्रेसिंगच्या खोलीबाहेर बाकावर बसलेली माणसं पाहिली म्हणून. त्यांतली बहुतेक माझ्यासारखीच उशिरा आली होती.

आमची मुलगी मृण्मयी चौथ्या खेपेला सीए झाली. विद्याने, माझ्या बायकोने, नवस बोलला होता की ती पास झाली तर लालबागपासून प्रभादेवीच्या गणपतीपर्यंत अनवाणी चालत जाईन. पण विद्याचे गुडघे धरलेले, म्हणून मी म्हटलं, मी जातो, एकच आहे. मे महिन्यातला मंगळवार होता. दर्शन घेऊन परत निघेपर्यंत बारा वाजले. डांबर किती तापलंय हे मला आजूबाजूच्या माणसांवरून कळलं. ती टाचा उचलून, सावलीच्या पट्ट्या शोधत पळत होती. मी मात्र आरामात चाललो होतो. मला वाटलं, देवाची कृपा.

तिसऱ्या दिवशी मोज्यावर पिवळट डाग दिसला. बाथरूममध्ये दाढीचा आरसा जमिनीवर ठेवून मी पाय पाहिला. फोड येऊन फुटला होता, कातडी सुटली होती आणि मध्ये खड्डा होता. दुखत काहीच नव्हतं. मी कापूस लावला, चिकटपट्टी लावली आणि दुसरा मोजा घातला.

*

दवाखान्यात का गेलो नाही, ते सांगतो.

माझे वडील गिरणीत सूतकताई खात्यात होते. गिरणी बंद झाल्यावर त्यांनी रखवालदाराची नोकरी धरली. तिथे मिळालेला बूट त्यांना चावला. साखर त्यांनाही होती, पण आमच्या घरात तेव्हा कोणाला तिचं फार वाटत नसे. आधी करंगळी काढली, मग अर्धं पाऊल, मग गुडघ्याखालून पाय. प्रत्येक वेळी आम्हाला सांगितलं गेलं की एवढं काढलं की झालं. तिसऱ्या वेळी कागदावर सही माझी होती. मी बावीस वर्षांचा होतो. ऑपरेशन झाल्यावर एका माणसाने माझ्या हातात कापडात गुंडाळलेलं बोचकं दिलं आणि ते कुठे न्यायचं ते सांगितलं. त्याचं वजन माझ्या हातांना अजून आठवतं. आईला मी ते कधी सांगितलं नाही. विद्यालाही नाही.

वडील त्यानंतर सात महिने जगले.

म्हणून मी आरशात खड्डा पाहिला तेव्हा माझ्या डोक्यात डॉक्टर आला नाही, ते बोचकं आलं. दाखवलं तर कापतील, असं मला वाटलं. न दाखवता ते थांबेल असंही काही वाटत नव्हतं. भीतीने माणूस विचार करत नाही, तो फक्त दार लावून घेतो.

डाग दिसल्यापासून नवव्या दिवशी सकाळी मी बाथरूमची कडी लावायला विसरलो. विद्या आत आली. मी पाय धोतराच्या फडक्याने झाकला.

"पाय दाखवा," ती म्हणाली.

मी दाखवला. ती ओरडली नाही. खाली बसली, पाय हातात धरला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "कपडे करा. आत्ता निघायचं."

*

परळच्या त्या रुग्णालयात पायांच्या जखमांचं वेगळं बाह्यरुग्ण खातं आहे. डॉक्टर बाई साधारण चाळिशीच्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी जखमेकडे एकदा पाहिलं आणि आधी उजवा पाय पुढे करायला सांगितला, म्हणजे चांगला. मला डोळे मिटायला सांगितले. त्यांच्या हातात नायलॉनचा एक जाडसर तंतू होता, मासे पकडायच्या गळाला असतो तसा. म्हणाल्या, "तळव्याला लागला की 'हो' म्हणा."

मी डोळे मिटून वाट पाहत राहिलो. बाहेर कोणीतरी केसपेपरचे नंबर पुकारत होतं. मला वाटलं बाईंना फोन आला असेल. बऱ्याच वेळाने मी विचारलं, सुरू करताय ना?

"झालं," त्या म्हणाल्या. "दहा ठिकाणी लावला. उघडा डोळे."

मी डोळे उघडले तर विद्या तोंडावर पदर धरून उभी होती. तिने सगळं पाहिलं होतं. तंतू वाकेपर्यंत दाबलेला तिने दहा वेळा पाहिला होता आणि दहाही वेळा मी गप्प होतो.

त्या दिवशीच्या सगळ्या गोष्टींत मला जास्त कशाने घाबरवलं असेल तर याने. जखम डाव्या पायाला होती, पण उजवाही गेलेला होता. म्हणजे तिथेही कधी काय होईल ते मला कळणार नव्हतं. माझे दोन्ही पाय माझ्याशी बोलायचे कधी थांबले, ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

एक्स-रे काढला. हाडापर्यंत अजून गेलेलं नाही, असं बाई म्हणाल्या. रक्तपुरवठा पाहिला, तो ठीक निघाला. मग त्यांनी पात्याने मेलेली कातडी काढायला घेतली. भूल दिली नाही, गरजच नव्हती. मला काही जाणवत नव्हतं, पण ऐकू येत होतं. नारळ खवताना होतो तसा, पण ओला आवाज. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत राहिलो.

*

त्यानंतर इन्सुलिन सुरू झालं, अँटिबायोटिकच्या गोळ्या सुरू झाल्या. तळव्यावर भार पडू नये म्हणून गुडघ्यापर्यंतचा एक अवजड बूट मिळाला. तो घातला की मी डुलत चालायचो. दर दोन दिवसांनी ड्रेसिंग. सकाळी आठला टॅक्सी, नऊपर्यंत नंबर, अकरापर्यंत बाकावर. ऑफिसने रजा दिली.

बाकावर माझी हिरामावशींशी ओळख झाली. कफ परेडच्या मच्छीमार नगरातल्या, पासष्टीच्या. टाचेत माशाचा काटा घुसला होता आणि तो आतच कुजला होता. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या बुटाकडे पाहून विचारलं, "चंद्रावर जातंस काय?" मी हसलो. पंधरा दिवसांत पहिल्यांदा.

जून गेला, अर्धा जुलै गेला. जखम भरेना. कडा पांढऱ्या आणि जाड व्हायच्या, बाई त्या कापायच्या, पुन्हा तसंच. गॉज काढताना आत आलेलं थोडं लाल मांस त्याला चिकटून निघून यायचं, आणि नव्याने रक्त. नर्स हळू हाताने, पाणी सोडून सोडून काढायची, तरी यायचं. एका सकाळी वासही आला. बाईंनी जखमेतला नमुना तपासायला पाठवला आणि आम्हा दोघांना बसवून सांगितलं की आणखी काही आठवड्यांत फरक पडला नाही आणि जंतू हाडाला लागले, तर अंगठा आणि त्यामागचं थोडं हाड काढावं लागेल.

एवढं काढलं की झालं, असं त्या म्हणाल्या नाहीत. पण मला तेच ऐकू आलं.

घरी आल्यावर विद्याने ताट वाढलं. मी जेवलो नाही. ती म्हणाली, दोन घास तरी घ्या, इन्सुलिन घेतलंय. आणि मी तिला म्हणालो, "तुझ्या नवसाने माझा पाय गेला."

ती उठली. ताट उचलून आत गेली, साखरेचं पाणी करून आणलं आणि माझ्यासमोर ठेवलं. पुढे चार दिवस ती माझ्याशी फक्त औषधांच्या वेळांपुरतं बोलली. माझ्या आजारपणात मी सोसलेल्या गोष्टींपेक्षा मी केलेली ही एक गोष्ट मला जास्त आठवते. घरात भीती शिरली की ती एकाच माणसाजवळ राहत नाही. तिला बसायला जागा लागते, आणि आपण ती जवळच्या माणसाच्या अंगावर नेऊन टाकतो.

*

जुलैच्या शेवटी बाईंनी एका मुलीला भेटायला सांगितलं. तेजस्विनी तिचं नाव. ती औषधनिर्माणशास्त्रात पीएच.डी. करत होती. त्यांच्या प्रयोगशाळेत जखमेवर लावायचा एक नवा पडदा तयार झाला होता आणि माणसांवर त्याची चाचणी सुरू होती.

चाचणी हा शब्द ऐकून मी उठायला लागलो. मुलगी शांतपणे म्हणाली, आधी ऐकून घ्या, नाही म्हणालात तरी तुमचे उपचार आहेत तसेच चालू राहतील. मग तिने सांगितलं. औषध आणि शरीरात विरघळणारा एक पदार्थ एकत्र पातळ करायचा, पिचकारीसारख्या सुईतून सोडायचा आणि सुईला विजेचा मोठा दाब द्यायचा. सुईच्या टोकावरचा थेंब त्या दाबाने खेचला जातो आणि त्याचा तंतू होतो, केसापेक्षा शेकडो पट बारीक. असे तंतू फिरत्या पिंपावर गोळा होतात आणि त्यांचं कापड बनतं. अँटिबायोटिक त्या तंतूंच्या आत भरलेलं असतं आणि जखमेवर चार दिवस हळूहळू सुटत राहतं.

माझ्या तोंडून निघालं, "सूत तुटतं का?"

तिने चमकून पाहिलं. म्हणाली, तुटतं, हवेत दमटपणा वाढला की फार तुटतं, तंतूवर मणी धरतात आणि सगळा माल फुकट जातो. मुंबईच्या पावसाळ्यात म्हणून त्यांना खोली कोरडी ठेवायला यंत्र लावावं लागतं. मी तिला सांगितलं की माझे वडील तुटलेलं सूत जोडायचे. ती हे आपुलकीने ऐकत होती, पण एवढ्याने माझी भीती गेली असं समजू नका. मी घरी जाऊन विचार केला तो एवढाच, की हे लोक माझ्या पायावर काहीतरी करून बघणार आणि चुकलं तर पाय माझा जाणार.

मृण्मयी ठाण्याहून आली आणि तिने मराठीतला तो संमतीचा कागद ओळ न ओळ मोठ्याने वाचला. कधीही बाहेर पडता येईल, असं त्यात होतं. निम्म्या लोकांना नवा पडदा आणि निम्म्यांना नेहमीचं ड्रेसिंग मिळणार आणि कोणाला काय ते पाकीट उघडल्यावर ठरणार, असंही होतं. मी विद्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "मी सांगणार नाही. ह्या वेळी तुम्ही ठरवा."

मी सही केली. धाडस नव्हतं ते. अंगठ्याचा दिवस जवळ येत होता आणि मला दुसरं काही सुचत नव्हतं.

हिरामावशींनाही विचारलं होतं, पण तपासणीत त्यांच्या पायाचा रक्तपुरवठा फार कमी निघाला आणि त्यांना चाचणीत घेता आलं नाही. बाकावर बसून त्या म्हणाल्या, "मला परीक्षेला बसूच दिलं नाय रे."

माझं पाकीट उघडलं. नवा पडदा. मला आनंद झाला आणि लगेच मावशींकडे बघायची लाज वाटली.

*

पडदा दिसायला अगदी साधा होता. पांढरा, तापवलेल्या दुधावरच्या सायीएवढा पातळ. चिमट्याने जखमेवर ठेवला की ओल लागून तो तिथेच बसायचा, पांढरेपणा जायचा आणि खालचं लाल दिसायला लागायचं. त्यावर साधं गॉज. चौथ्या दिवशी गॉज उचललं तेव्हा मी सवयीने डोळे मिटले. नर्स म्हणाली, बघा तरी. काही चिकटून निघालं नव्हतं. पडद्याचा बराचसा भाग विरून गेला होता, उरलेला पाण्यानेच निघाला. रक्ताचा थेंब नाही.

दर खेपेला तेजस्विनी जखमेवर पारदर्शक कागद ठेवून मार्करने कडा गिरवायची. फोटोही काढायची. तिसऱ्या आठवड्यात तिने पहिला कागद आणि नवा कागद एकावर एक धरून मला दाखवले. आतला आकार लहान होता. मी तो कागद पुन्हा मागून घेतला आणि पाहिला. विश्वास ठेवायला भीती वाटत होती.

ती भीती बरोबरच होती. ऑगस्टच्या मध्यावर आमच्या इमारतीची लिफ्ट बिघडली. आम्ही अकराव्या मजल्यावर, आणि त्या दिवशी ड्रेसिंग होतं. त्या अवजड बुटाने जिने उतरता येईना. विद्या म्हणाली, फोन करून उद्या येतो सांगू. मी ऐकलं नाही. दिवस चुकला तर मला काढून टाकतील असं माझ्या डोक्यात बसलं होतं. बूट काखेत मारला आणि साध्या चपलेने अकरा मजले उतरलो.

दोन दिवसांनी संध्याकाळी थंडी वाजून ताप आला. विद्याने पाय पाहिला. जखमेच्या बाजूने लाली घोट्याकडे चढत होती.

त्या संध्याकाळी टॅक्सीत मी रडलो. छप्पन्न वर्षांचा माणूस, खिडकीकडे तोंड करून. मी विद्याला बोचक्याची गोष्ट सांगितली, पहिल्यांदाच. कापड कसलं होतं तेही सांगितलं. ती माझा हात धरून बसली होती. परळचा सिग्नल लागला तेव्हा ती म्हणाली, "मलाही एक सांगायचंय. तुमच्या मोज्याचा वास मला आधीच आला होता. कडी उघडी राहिली त्याच्या दोन दिवस आधी. मला कळलं होतं काहीतरी आहे. मी विचारलं नाही."

"का?"

"नवस माझा होता ना."

सिग्नल सुटला. तीन महिन्यांत पहिल्यांदा ती भीती दोघांच्या मध्ये नव्हती, दोघांची मिळून होती.

मला सहा दिवस दाखल करून घेतलं. शिरेतून अँटिबायोटिक दिलं. बाईंनी तिसऱ्या दिवशी पुन्हा एक्स-रे काढला आणि निकाल येईपर्यंतचे दोन तास मी माझ्या अंगठ्याकडे बघत होतो. त्याला नखं कापतानाही मी कधी इतकं पाहिलं नव्हतं. हाड स्वच्छ निघालं. बाईंनी मला एकच सुनावलं की पडदा कितीही चांगला असला तरी त्याच्यावर उभं राहायचं नसतं.

*

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तेजस्विनीने पारदर्शक कागद ठेवला, मार्कर उघडला आणि तसाच धरून राहिली. गिरवायला कड नव्हती. गुलाबी, पातळ, चकचकीत कातडी होती. तिने बाईंना बोलावलं. बाईंनी बोट फिरवलं. मला ते बोट जाणवलं नाही, पुढेही जाणवणार नाही. नसा परत येत नाहीत, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. ही जागा आयुष्यभर कच्ची राहणार.

तो पडदा सगळ्यांना असाच लागू पडतो का, ते मला माहीत नाही. तेजस्विनीलाही अजून माहीत नाही, चाचणी चालू आहे. माझ्याच गटातल्या एका गृहस्थांची जखम माझी भरली तेव्हा अजून उघडी होती. माझ्या पायाला पडद्याने किती, बुटाने किती आणि इन्सुलिनने किती वाचवलं, हे मी सांगू शकत नाही. मी एवढंच सांगू शकतो की मी आठ दिवस गप्प बसलो त्यातून काहीच वाचलं नाही.

हिरामावशी सप्टेंबरपासून बाकावर दिसेनाशा झाल्या होत्या. नर्सकडे विचारलं तेव्हा कळलं की गुडघ्याखालून पाय काढला, घरी गेल्या. मी त्यांना भेटायला जायचं पुढे ढकलत राहिलो. काय तोंडाने जाणार, दोन्ही पायांवर चालत? विद्याने शेवटी नोव्हेंबरातल्या एका रविवारी टॅक्सी बोलावली आणि मला आत बसवलं.

मच्छीमार नगरात बोंबील वाळत घातले होते. मावशी घरासमोर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून सुनेला ओरडत होत्या की खालची रांग उलटी घातली आहेस. लुगड्याचा एक सोगा सपाट पडला होता. मला पाहून त्या आधी माझ्या पायांकडेच बघायला लागल्या. "भरली?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. "मग तोंड का पाडलंस? मी नाय रडत, तू कशाला रडतंस?"

विद्या त्यांच्या सुनेशी बोलायला गेली. मावशींनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. पहिल्यांदाच मी त्यांना घाबरलेलं पाहिलं.

"अरुण, एक काम करशील? हा एकच ऱ्हायलाय. मला खाली वाकून दिसत नाय. सुनेला सांगते तर ती नुसतं बघितल्यासारखं करते, तिला भ्या वाटतं. तुला कळतं कसं बघायचं ते."

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो. त्यांचा उजवा पाय मांडीवर घेतला. मोबाइलचा दिवा लावला. आधी टाच, मग तळवा, मग बोटांच्या मधल्या जागा, एकेक बोट फाकवून. बाई करायच्या तसं. खारं पाणी आणि वाळू लागून कातडी खरखरीत झाली होती. दोन जुने व्रण होते, सुकलेले. अंगठ्याखाली मी बोट दोनदा फिरवलं, तिथे मला खात्री करून घ्यायची होती.

मावशी श्वास धरून बसल्या होत्या.

"काय नाही मावशी," मी म्हणालो. "साफ आहे."

"नीट बघितलंस?"

"नीट बघितलं."

त्यांनी डोळे मिटून घेतले. पाय मात्र माझ्या मांडीवरून काढला नाही, आणि मीही तो खाली ठेवला नाही.